निळं कव्हर की पांढरं? कागलच्या ‘झोंबी’ची कुळकथा

लंडनमध्ये २०१४ साली फित्झकराल्डो एडिशन्स नावाची एक छोटी प्रकाशनसंस्था निघाली. कुठल्याही बड्या कंपनीच्या दावणीला न बांधलेली. तिची पुस्तकं दुरून ओळखू येतात, कारण कव्हरवर चित्रच नसतं. कादंबरी असेल तर कव्हर गडद निळं. निबंध, आठवणी, आत्मपर लेखन असेल तर पांढरं. एवढ्या साध्या कपड्यांत या संस्थेनं स्वेतलाना अलेक्सियेविच, ओल्गा तोकार्चुक, आनी एर्नो आणि यून फॉसे हे चार नोबेलविजेते इंग्रजी वाचकांपुढे ठेवले. गंमत एर्नोबाईंच्या बाबतीत झाली. ‘द इयर्स’ हे त्यांचं पुस्तक पांढऱ्या कव्हरात आलं, म्हणजे घडलेलं, जगलेलं. आणि २०१९ साली ते मॅन बुकर इंटरनॅशनलच्या अंतिम यादीत जाऊन बसलं. हा पुरस्कार कथा-कादंबऱ्यांचा.

कागलच्या एका पुस्तकानं हाच घोळ तीसेक वर्षं आधी घातला होता, आणि तोही राजरोस. १९८७ साली मेहता पब्लिशिंग हाऊसनं आनंद यादवांचं ‘झोंबी’ काढलं तेव्हा त्यावर ‘आत्मचरित्रात्मक कादंबरी’ असं छापलं होतं. निळं आणि पांढरं एकाच पुठ्ठ्यावर. मराठी वाचकानं फारशी कुरकुर केली नाही. पु. ल. देशपांड्यांची प्रस्तावना होती, १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आवृत्त्या निघत राहिल्या. पण या दुहेरी नावाखाली नेमकं काय दडलंय आणि ते पुढे लेखकाला कुठे कुठे घेऊन गेलं, हे एकदा नीट बघण्यासारखं आहे.

कोल्हापूर सोडून बेंगळुरूच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर कागल येतं. थोडं पुढे दूधगंगेचा पूल, तो ओलांडला की कर्नाटक. कागल म्हटलं की लोकांना घाटग्यांचं संस्थानी घराणं आठवतं, त्या घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले शाहू महाराज आठवतात, गैबी पीराचा उरूस, ऊस आणि साखर कारखाना आठवतो. आणि निवडणुका. जिल्ह्यात कागलला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या आवाजात थोडा अभिमान आणि थोडा वैताग असतो. याच गावात ३० नोव्हेंबर १९३५ रोजी आनंद यादवांचा जन्म झाला. शेतकऱ्याचं घर, खाणारी तोंडं बरीच, आणि थोरल्या पोरानं शाळेपेक्षा मोटेकडे बघावं अशी बापाची इच्छा.

‘झोंबी’चं कथानक तसं एका वाक्यात सांगता येतं. एका पोराला शाळेत जायचंय आणि त्याचा बाप जाऊ देत नाही. चारशेहून अधिक पानं या एका ओढाताणीवर उभी आहेत, आणि पानोपानी जाणवतं की हे पुस्तक पुस्तकांविषयीच आहे. इंग्रजीत ग्रंथप्रेमी आठवणींची एक मोठी शाखा आहे. लेखक लहानपणी आजोबांच्या कपाटातली जाड पुस्तकं कशी काढून वाचायचा, पावसाळी दुपारी खिडकीत बसून काय वाचायचा, वगैरे. छान असतात ती. ‘झोंबी’त कपाटच नाही. कपाटापर्यंत पोचण्याचीच गोष्ट आहे.

बापानं शाळा सोडवून पोराला शेतात जुंपलेलं आहे. दिवाळीनंतर गुऱ्हाळाची गडबड. बाकीचे लोक ऊस रानात जास्त दिवस ठेवतात, रस दाट होऊ देतात, गूळ चांगला उतरतो. या बापाचा हिशेब वेगळा: आपला गूळ बाजारात आधी गेला की दर बरा मिळेल. म्हणून त्याचं चुलवाण सगळ्यांच्या आधी पेटतं आणि सगळ्यांच्या आधी विझतं. या घाईचा पोराला एक फायदा होतो. रानातलं काम लवकर उरकल्यामुळे तो आईला गाठून शाळेचा विषय काढू शकतो. आई-लेक मिळून गावातल्या मातब्बर दत्ताजीराव देसाई सरकारांकडे जातात, गाऱ्हाणं घालतात, आणि आपण येऊन गेलो हे दादाला, म्हणजे बापाला, कळू देऊ नका अशी विनवणीही करतात. सरकार दादाला बोलावून झापतात: स्वतः गावभर हिंडतोस आणि पोराला कामाला लावतोस? तू पाठवणार नसशील तर मी शिकवतो त्याला. बाप नमतो, पण अटी घालतो. अकरा वाजेपर्यंत रानात पाणी पाजायचं, तिथूनच शाळेला जायचं, शाळा सुटली की जनावरं चारायची, आणि कामाचा रेटा असेल त्या दिवशी शाळा बंद.

इथे यादवांच्या हाताची ताकद कळते. बापाला त्यांनी खलनायक केलेलं नाही. तो आळशी आहे, हेकेखोर आहे, मारतो. पण त्याच्या बोलण्यात शेतीचा एक कोरडा व्यवहार आहे आणि तो पूर्ण खोटा नाही. दत्ताजीरावांपुढे मान खाली घालून उभा असलेला हा माणूस वाचकाला घडीभर कीव येण्याइतका लहान दिसतो. आत्मचरित्रकार असता तर इतकं सविस्तर संभाषण आठवलं कसं, असं आपण विचारलं असतं. कादंबरीकाराला तो प्रश्न लागू नाही. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर घातल्याचा हा फायदा. घडलेल्याचं वजन मिळतं आणि रचलेल्याची मोकळीकही.

मग शाळा. आपल्याहून लहान पोरांच्या वर्गात, मातीनं तांबूस झालेल्या धोतरात बसलेला आनंदा. टिंगल होते. पण वसंत पाटील नावाचा हुशार मुलगा वर्गात आहे, आणि त्याचं बघून आनंदाही आपल्या वह्या-पुस्तकांना वर्तमानपत्राच्या कागदाची कव्हरं घालू लागतो. हा तपशील मला सगळ्या पुस्तकात फार मोलाचा वाटतो. ज्या घरात कागद म्हणजे गूळ बांधून आणायची वस्तू, तिथे एक मुलगा पुस्तकाला कपडा शिवतो आहे. पुढे मराठी शिकवणारे सौंदलगेकर मास्तर भेटतात. ते कविता चालीवर म्हणून दाखवतात, यशवंत, बोरकर, तांबे, गिरीश, केशवकुमार यांच्या गोष्टी सांगतात, स्वतःच्या दारातल्या मालतीच्या वेलावर कविता करतात. तो वेल आनंदानं पाहिलेला असतो आणि ती कविताही ऐकलेली असते. कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो, हा साक्षात्कार तिथे होतो. मग रानात पाणी पाजताना, जनावरं राखताना कविता जुळायला लागतात. कागद-पेन्सिल नसेल तर काटकीनं म्हशीच्या पाठीवर ओळी ओढायच्या, खड्यानं शिळेवर लिहायच्या, पाठ झाल्या की पुसून टाकायच्या.

‘झोंबी’नंतर दहाएक वर्षांत ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ आली. कॉलेजचं शिक्षण, भावंडांसकट घर उभं करणं, पुण्यातली प्राध्यापकी, लेखकपण असा तो चौपदरी प्रवास. माझं मत सांगतो, पटलं तर बघा: चारही पुस्तकांत ‘झोंबी’च्या जवळ दुसरं कुठलं येत नाही. ‘घरभिंती’त भावंडांच्या संसारांचा गुंता आहे, तो घट्ट पकडतो. ‘काचवेल’ मात्र सर्वांत ग्रंथमय आणि सर्वांत सैल. सभा, समीक्षा, चळवळ, मानापमान. तोवर लेखकाच्या घरी कागद भरपूर झालेला होता.

हे सगळं छापणारी संस्थाही मुळात कोल्हापूरची. अनिल मेहतांनी १९७६ साली कोल्हापुरात मेहता पब्लिशिंग हाऊस सुरू केलं. नंतर कारभार पुण्यात गेला आणि सुनील मेहतांनी तो वाढवला. २०२२ च्या जानेवारीत ते गेले. वाचकांना ही संस्था आठवते ती मुख्यतः अनुवादांमुळे, सुधा मूर्तींपासून तस्लिमा नासरीनपर्यंत आणि रॉबिन कुकपासून जॉन ग्रिशॅमपर्यंत. पण तिच्या यादीतली मराठी नावं काढून नकाशावर ठेवली तर कोल्हापूर जिल्हाच उमटतो: कोवाडचे रणजित देसाई, आजऱ्याचे शिवाजी सावंत, पट्टण कोडोलीचे शंकर पाटील, कोल्हापुरात राहून लिहिणारे वि. स. खांडेकर आणि कागलचे आनंद यादव. मुंबई-पुण्याच्या मानी प्रकाशनगृहांच्या काळात एका जिल्ह्याच्या गावी सुरू झालेली संस्था ही सगळी नावं गोळा करते, ही साधी गोष्ट नव्हती.

मराठी प्रकाशकाचं अर्थकारण लंडनच्या संस्थेसारखं पुरस्कारांवर आणि अनुदानांवर चालत नाही. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती, गावोगावची प्रदर्शनं आणि ग्रंथालयांची खरेदी यांवर इथला गाडा हलतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागलं आणि त्या पैशातून नवी पुस्तकं खेडोपाडी पोचली. कोल्हापुरात तर करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे. ‘झोंबी’सारखं जाडजूड पुस्तक शेतकऱ्याच्या घरात विकत घेतलं जाणं अवघडच, पण वाचनालयाच्या प्रतीवरून ते वाचलेली माणसं या भागात भरपूर सापडतात. प्रतीची पानं सुटलेली, पुठ्ठा पुन्हा शिवलेला.

त्या वाचकांना ‘झोंबी’ परकं वाटलं नाही, याचं एक कारण आधीच्या दहा वर्षांत आहे. १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, १९८० साली लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’. दोन्ही ‘ग्रंथाली’नं काढली, आणि ‘ग्रंथाली’ म्हणजे वाचकांनी आधी पैसे भरून उभी केलेली चळवळ. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आणि ‘झोंबी’ तर एकाच वर्षीची. गावकुसाबाहेरच्या माणसांनी आत्मकथनाचं दार उघडून ठेवलं होतं. त्यातून कुणब्याचं पोरही आत आलं. फरक एवढाच की यादवांनी कादंबरी हे नाव सोडलं नाही.

कारण त्यांचा हात कादंबरीत आधीच बसलेला होता. १९७१ च्या ‘गोतावळा’त नारबा नावाचा शेतगडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या बोलीत बोलतो. मालक ट्रॅक्टर आणतो आणि एकेक जनावर दावणीवरून जातं. नारबाला बायको-पोरं नाहीत, जनावरं हाच गोतावळा. यंत्र आल्यावर बैलाचं काय होतं हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात असतंच. बैल गेल्यावर गड्याचं काय होतं ते इथे आहे. सबंध कादंबरी कागलकडच्या बोलीत लिहिणं म्हणजे त्या काळी धाडसच. ‘झोंबी’त यादवांनी वेगळी वाट घेतली. निवेदन बरंचसं प्रमाण मराठीत, माणसं मात्र आपापल्या तोंडानं बोलतात. शिकलेला मुलगा मागे वळून सांगतोय, हे भाषेच्या या दोन थरांतूनच कळतं. यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीवर पुढे सिनेमा झाला, १ जानेवारी २०१० ला लागला, आणि रवी जाधवांच्या त्या चित्रपटात नाच्या होणाऱ्या नायकाचं आडनाव कागलकर. गाव पडद्यावरही.

सीमेपलीकडे निपाणीत महादेव मोरे होते. पिठाची गिरणी चालवत त्यांनी आयुष्यभर कथा-कादंबऱ्या लिहिल्या. टॅक्सीवाले, तंबाखूच्या वखारीतल्या बायका, देवदासी ही त्यांची माणसं. २०२४ साली ते गेले. प्राध्यापकी, पुरस्कार, अध्यक्षपद यांतलं फारसं काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. सीमेच्या या वीस किलोमीटरच्या पट्ट्यात लेखक व्हायचे दोन मार्ग होते, आणि यादवांनी त्यातला गाव सोडण्याचा घेतला.

निळ्या-पांढऱ्याचा हिशेब अखेर चुकला तो तुकारामांपाशी. ‘संतसूर्य तुकाराम’ ही यादवांची चरित्रात्मक कादंबरी, प्रकाशक पुन्हा मेहताच. तुकोबांच्या तरुणपणाच्या चित्रणावर वारकरी मंडळी संतापली. यादव तेव्हा २००९ च्या महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष होते. त्यांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं गेलं, तरी विरोध शमला नाही आणि त्यांना अध्यक्षपद सोडावं लागलं. संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. स्वतःच्या बापाला कादंबरीत उभं करताना कुणी पुरावा मागितला नव्हता. तो बाप यादवांचा होता. तुकोबा सगळ्यांचे. कादंबरीकाराला कल्पनेचा हक्क आहे असं मला वाटतं, आणि पुस्तक वाचून वाद घालण्याऐवजी ते बाजारातून काढायला लावणं वाईटच. पण यादवांनी संदर्भांच्या आधाराचा दावाही केला आणि कादंबरीची ढालही धरली, त्यामुळे त्यांची बाजू घेणाऱ्यांचीही पंचाईत झाली हेही खरं. २७ नोव्हेंबर २०१६ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. तोवर या प्रकरणाची सावली काही हटली नव्हती.

‘झोंबी’चा हिंदी अनुवाद केशव प्रथम वीर यांनी ‘जूझ’ या नावानं केला, आणि त्यातला शाळेचा भाग एनसीईआरटीच्या बारावीच्या ‘वितान’मध्ये आहे. राजस्थान-दिल्लीकडची मुलं कागल नकाशात दाखवू शकणार नाहीत, पण दत्ताजीरावांनी बापाला काय सुनावलं ते त्यांना पाठ आहे. दरवर्षी परीक्षेच्या मोसमात सौंदलगेकर मास्तरांचं व्यक्तिमत्त्व स्पष्ट करा, ‘जूझ’ या शीर्षकाचं औचित्य सांगा, असे प्रश्न येतात. सरकारांकडे गाऱ्हाणं घातल्याचं लपवायला आनंदाची आई खोटं बोलली ते योग्य की अयोग्य, हाही एक आवडता प्रश्न आहे. मुलं बहुतेक तिच्याच बाजूनं लिहितात.