खुरीस दिसला म्हणजे तिथं कुणी गेलं असं नाही

रत्नागिरीहून हातखंब्याला महामार्गाला लागलं की लांजा, राजापूर, कणकवलीपर्यंत रस्त्याकडेला घुमट्या भेटत राहतात. पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडून थोडं पुढं गेलं की पांढरे क्रूस दिसायला लागतात, आणि गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "इथं कुणी गेलं वाटतं."

मृत्यूच्या आठवणीसाठी उभारलेले काही क्रूस असतात, नाही असं नाही. पण बहुतेक खुरीस, गोंयकारांचा हाच शब्द, म्हणजे वाड्याचं प्रार्थनास्थळ. कुणी नवस फेडायला बांधलेला, कुणी घरादाराच्या राखणीसाठी. आपण घुमटीपाशी गाडी थांबवून नारळ ठेवतो, तीच भावना. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा साथ टळावी म्हणून वांद्रे, गिरगाव भागांत लोकांनी क्रूस उभारले. त्यांतले काही आजही गल्लीच्या तोंडाशी उभे आहेत.

दुसरी समजूत अशी की हे सगळे पोर्तुगीज सरकारने उभारले. ते खरं नाही. कितीतरी क्रूस लोकांनी स्वखर्चाने आपल्या दारात बांधलेत, आणि चौथऱ्यावर कोरलेलं साल पाहिलं तर पुष्कळदा ते विसाव्या शतकातलं निघतं. इतिहासाचा धागा आहे, पण तो नीट पाहायचा तर कोलवाळच्या पुलावर. नदीच्या अलीकडे पेडणे तालुका, पलीकडे बार्देश. बार्देश १५४३ साली पोर्तुगीजांकडे गेलं आणि त्या शतकात तिथं मोठ्या प्रमाणावर धर्मांतर झालं. पेडणे त्यांना मिळालं १७८८ साली, तेही सावंतवाडीकरांकडून. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून पेडण्यात क्रूस तुरळक दिसतात आणि पूल उतरताच वाढतात. एका पुलाच्या अंतरात अडीचशे वर्षांचा फरक डोळ्यांना दिसतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

क्रुसावरची 'आय एन आर आय' ही अक्षरं बांधणाऱ्याच्या नावाची नाहीत. 'नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा' या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरं.

आणि तिथं फक्त ख्रिस्तीच हात जोडतात, हेही चूक. खुरसाला झेंडूचा हार घालणारा हिंदू शेजारी गोव्यात नवलाचा नाही. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता, आणि शिरगावची लईराई देवी या तर बहिणीच मानल्या जातात.

एकदा मे महिन्यात संध्याकाळी जाऊन बघा. ३ मेच्या आसपास खुरीस चुन्याने उजळतात, फुलांनी सजतात. वाड्यातली माणसं समोर उभी राहून लदीन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, म्हणतात, चौथऱ्यावर वाऱ्याने विझलेली मेणबत्ती एखादं पोर पुन्हा लावतं, आणि शेवटी जमलेल्यांच्या हातावर उकडलेले चणे पडतात.