कुलूप दाराला, तसेच पाण्यालाही

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली, की लखनौमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना गावाकडचे वेध लागतात. पुष्पक एक्सप्रेसची तिकिटे केव्हाच काढलेली असतात. सामानाची बांधाबांध होते, दागिने सुरक्षित ठेवले जातात, दाराला दोन कुलपे लागतात. परंतु चोराप्रमाणे पाणीही बंद घरात नुकसान करू शकते, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

लखनौस गोमतीचे पाणी गऊघाटावर उचलून ऐशबाग व बालागंज येथे शुद्ध करून पुरविले जाते. गोमतीनगरच्या बाजूस शारदा कालव्याचे पाणी कठौता तलावातून मिळते. अनेक वस्त्यांत ते ठराविक वेळीच नळास येते, आणि धोका नेमका तेथेच असतो. निघण्याच्या घाईत कोणी तोटी फिरवितो, पाणी येत नाही, तोटी उघडीच राहते. आपली गाडी झाशी ओलांडीत असते, तेव्हा इकडे पाणी सुरू होते. मिनिटाला अवघा एक लिटर वाहिला, तरी दिवसाला १,४४० लिटर होतात! मोरी तुंबलेली असेल, तर हे पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या छतात मुरते. नसेल, तर गटारात जाते. गल्लीच्या टोकास रिकामी घागर घेऊन बसलेल्या शेजारणीच्या वाट्याचे पाणी त्यातलेच असते.

म्हणून तयारीस निघण्याच्या आठ दिवस आधी लागावे. प्रथम घरात पाणी आणणाऱ्या मुख्य नळाचा कॉक शोधून तो फिरवून पाहावा. वर्षानुवर्षे न फिरविलेला कॉक अडकतो. त्यावर जोर करू नये, प्लंबरला बोलवावे. गळक्या तोट्यांचे वायसर याच वेळी बदलून घ्यावेत.

निघण्याच्या दिवशी मुख्य कॉक आणि टाकीतून घरात येणारा कॉक, असे दोन्ही बंद करावेत. मग सर्व तोट्या उघडून नळ्यांतील पाणी वाहू द्यावे आणि प्रत्येक तोटी आपल्या हाताने बंद करावी. पंप, गीझर व पाणी शुद्ध करणारे यंत्र यांची विजेची बटणे बंद करावीत. धुलाई यंत्राचा नळ विसरू नये. गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी मात्र पूर्ण रिकामी करू नये. मे-जूनमधील आंधी हलकी टाकी उलथवू शकते. तळाशी थोडे पाणी ठेवून झाकण घट्ट लावावे व वरच्या निकास नळीस बारीक जाळी बांधावी.

उत्तरेतील घराघरांत असणाऱ्या कूलरकडे विशेष लक्ष द्यावे. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवडा-दहा दिवसांत अंड्यातून पूर्ण वाढतो. त्याची अंडी कूलरच्या भिंतीस चिकटून कोरडी असतानाही महिनोन् महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून न देता कूलर आतून घासावा, पुसावा व वाळवावा. कुंड्यांखालच्या बशा, बादल्या आणि पिंपे पालथी घालावीत.

न्हाणीघराच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्यात साठणारे पाणी गटारातील दुर्गंधी व झुरळे अडविते. लू वाहत असताना हे पाणी लवकर आटते. जाताना त्यात तांब्याभर पाणी व वर दोन चमचे खाद्यतेल ओतावे. तेलाच्या थरामुळे पाणी सावकाश आटते. जाळीवर पालथे ताट ठेवावे. शौचकूपाचे झाकण लावून घ्यावे.

एक किल्ली विश्वासू शेजाऱ्यांकडे द्यावी आणि मुख्य कॉक कोठे आहे, ते त्यांना प्रत्यक्ष दाखवावे. सांगण्यापेक्षा दाखविलेले संकटात आठवते.

परतल्यावर खिडक्या उघडून टाकीतील जुने पाणी काढून टाकावे व टाकी धुवून भरावी. नळ काही मिनिटे वाहू द्यावेत. हे पाणी बादलीत धरून फरशी धुण्यास वापरावे. गीझर भरल्याची खात्री करूनच त्याचे बटण दाबावे. शुद्धीकरण यंत्रातील साठलेले पाणी ओतून द्यावे व मगच पिण्याचे पाणी भरावे.

या साऱ्यास फार तर एक तास लागेल. त्या तासाच्या मोबदल्यात आपणांस निश्चिंत सुट्टी लाभेल आणि शेजारणीची घागरही भरेल.