मासळीची मोजदाद

तिवसा तालुक्यातील कौंडण्यपुराजवळून वाहणाऱ्या वर्धा नदीवर, वरच्या अंगास सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरण आहे. धरणाने ओलिताची सोय होते; परंतु अंडी घालण्यासाठी पुरात वर चढणाऱ्या मासळीची वाट अशा बांधाने अडते. रोहू, कटला व मृगळ साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. म्हणून तलावांत बोटुकली सोडावी लागते.

ती किती सोडावी, हे ठरविण्यास मागील नोंद हवी. नुसते वजन लिहून भागत नाही. दहा किलो मासळी दोन जाळ्यांनी एका रात्रीत मिळाली, की सहा जाळी तीन रात्री लावून मिळाली, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे! वजन तेच आणि जाळी मात्र वाढती, तर साठा घटत आहे असे समजावे. जात व लांबीही टिपावी. एकदाही अंडी न घातलेली मासळी जाळ्यात येते काय, हे त्यावरूनच कळते. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ सागरी जातींचे किमान आकारमान ठरविले, ते केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून.

ठेका वाढेल या धास्तीने कोणी आकडा कमी सांगितल्यास हिशेब चुकतो. यास्तव ग्रामसेवकांनी नोंद भोई बांधवांच्या समक्ष करावी व महिन्याची बेरीज त्यांस वाचून दाखवावी.