फोनची नोंदवही

परवा आम्ही मोबाईलवर एक अर्ज भरायला बसलो. नाव लिहिले, पुढे गेलो. गट नंबर लिहिला, पुढे गेलो. बँकेचा खाते नंबर लिहिला. तेवढ्यात आठवले, नावात चूक झाली आहे. म्हणून फोनचे मागे जाण्याचे बटण दाबले. तर काय! सगळा अर्जच नाहीसा झाला. अर्ध्या तासाची मेहनत वाया गेली.

फोन बिघडला होता का? नाही. मग असे का झाले? ते आता आपण पाहू.

वेबसाईट दाखवणाऱ्या अ‍ॅपला ब्राउझर म्हणतात. क्रोम हा एक ब्राउझर आहे. आपण कोणकोणती पाने पाहिली, याची तो नोंद ठेवतो. या नोंदवहीला हिस्टरी म्हणतात. घराला पत्ता असतो, तसा वेबच्या पानालाही पत्ता असतो. नवे पान उघडले, की त्याचा पत्ता वहीत लिहिला जातो. आपण मागे गेलो, की फोन आधीचा पत्ता शोधून ते पान पुन्हा दाखवतो.

टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली वेबची कल्पना मांडली. सुरुवातीला वेबवरचे प्रत्येक पान वेगळे असे. त्यामुळे नोंद ठेवणे सोपे होते. पुढे नव्या तऱ्हेच्या वेबसाईट आल्या. त्यांत पान एकच असते. त्यातला मजकूर तेवढा जागच्या जागी बदलतो.

जत्रेतले तंबू डोळ्यांपुढे आणा. तुम्ही कोणत्या तंबूत गेलात, हे दारावरचा माणूस वहीत लिहितो. चार तंबू पाहिले, चार नोंदी झाल्या. पण एकाच तंबूत नाटक असेल तर? आत राजवाडा येतो, रान येते, तुरुंग येतो. बाहेरच्या माणसाला ते कसे कळणार? त्याच्या वहीत नोंद एकच. आमच्या अर्जाचे असेच झाले. पायऱ्या तीन, पण पत्ता एकच! मागे म्हणताच फोनने आम्हांला तंबूबाहेर काढले.

यावर उपाय आहे. देखावा बदलला, की आतून घंटा वाजवावी. म्हणजे दारावरचा माणूस नवी नोंद करील. एचटीएमएल-५ ही वेबची नियमावली २०१४ साली पक्की झाली. तिच्यात अशा घंटेची सोय आहे. पान तेच राहते, पण पत्ता बदलतो आणि नोंद होते. मात्र वेबसाईट बनवणाऱ्याने ही घंटा वाजवली पाहिजे.

पुष्कळ अ‍ॅप आपल्या पोटातच वेबसाईट दाखवतात. तिथे दारावरचा माणूस म्हणजे ते अ‍ॅप. ‘नवे पान आले’ एवढ्याच खबरेवर ते विसंबले, तर मधल्या नोंदी सुटतात. त्याने घंटेकडेही कान ठेवला पाहिजे.

पण जो नोंद ठेवतो, त्याला आपण काय पाहिले हेही कळते. म्हणून बँकेचे काम दुसऱ्या अ‍ॅपच्या पोटात करू नये. ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये करावे.

घरात फोन एक आणि माणसे चार असतात. तुम्ही एखाद्या आजाराची माहिती वाचली, तर तीही वहीत राहते. दुसऱ्याला ती दिसू नये असे वाटत असेल, तर हिस्टरी पुसून टाका. पण ध्यानात ठेवा, तुमच्या फोनमधली वही पुसली, तरी वेबसाईटवाल्याची वही पुसली जात नाही.

अर्ज भरताना एवढे करा. मागे जायचे असेल, तर आधी अर्जातच ‘मागे’ असे बटण आहे का, ते पाहा. ‘जतन करा’ असे बटण असेल, तर ते वेळोवेळी दाबा. अर्जाचा नंबर मिळताच तो कागदावर लिहून ठेवा.

फोनची वही कधी चुकते. कागदावरचा नंबर आपल्या हाती राहतो. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. त्याचा असाही उपयोग करा.