रेकॉर्डिंगआधीच अल्बम विकणारा बँड! मॅरिलियनला पैसे देणारे चाहते सापडले कसे?

समजा, एखाद्या बँडचे इन्स्टाग्रामवर वीस हजार फॉलोअर्स आहेत. नव्या अल्बमसाठी क्राउडफंडिंग, म्हणजे साध्या भाषेत लोकवर्गणी सुरू होते. पोस्टवर लाइक्सचा पाऊस पडतो, 'भारी!', 'ऑल द बेस्ट!' अशा कमेंट्स येतात. महिनाभराने हिशोब केला तर पैसे मात्र चाळीसच जणांनी दिलेले असतात. गाणी वाईट असतात का? दरवेळी नाही. बऱ्याचदा हाक चुकीच्या लोकांना दिलेली असते.

योग्य लोकांना हाक दिली तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण सोशल मीडियाच्याही आधीचं आहे.

६० हजार डॉलरची वर्गणी

मॅरिलियन हा इंग्लंडचा रॉक बँड. १९८५ साली त्यांचं 'केली' हे गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं होतं. पण नव्वदच्या दशकात विक्री घसरली आणि मोठ्या रेकॉर्ड कंपनीची साथही सुटली. १९९७ मध्ये अमेरिकेचा दौरा करायचा, तर खर्चच भागत नव्हता.

कीबोर्डवादक मार्क केली यांनी ही अडचण चाहत्यांच्या ई-मेल ग्रुपवर मोकळेपणाने सांगितली. त्यावर चाहत्यांनीच मार्ग काढला. खातं त्यांनी उघडलं, वर्गणीही त्यांनीच गोळा केली आणि बघता बघता सुमारे ६० हजार डॉलर जमले. दौरा झाला!

बँडने यातून नेमका धडा घेतला. पुढचा अल्बम रेकॉर्ड होण्याआधीच त्यांनी चाहत्यांना थेट ई-मेल करून विचारलं, आत्ताच पैसे भरून ऑर्डर द्याल का? १२ हजारांहून जास्त लोकांनी होकार दिला. त्याच पैशांतून २००१ मध्ये 'अनोरॅकनोफोबिया' हा अल्बम आला.

आकडा तोच, अर्थ वेगळा

अमेरिकन गायिका अमांडा पामर यांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. त्यांच्या बँडचा अल्बम रेकॉर्ड कंपनीने बाजारात आणला, तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत सुमारे २५ हजार प्रती खपल्या. कंपनीच्या लेखी ते अपयश होतं. पुढे पामर त्या कंपनीतून बाहेर पडल्या आणि २०१२ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर १ लाख डॉलरचं लक्ष्य ठेवलं. जमले जवळपास १२ लाख डॉलर. देणारे किती? पुन्हा सुमारे २५ हजारच!

कंपनीला छोटा वाटलेला हा गट पामर यांच्या ओळखीचा होता. कार्यक्रम संपल्यावर तासन् तास थांबून सह्या देणं, गप्पा मारणं हे त्या वर्षानुवर्षं करत होत्या. मोहीम महिन्याभराची होती, तिची तयारी मात्र अनेक वर्षांची.

भारतात तर हे आधीच घडून गेलंय. विजय तेंडुलकरांचं लेखन आणि स्मिता पाटील यांचा अभिनय असलेला श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) आठवतो? गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन तो उभा केला. सिनेमा त्यांच्याच सहकारी चळवळीवरचा होता, म्हणून तो पाहायलाही ते आले.

मग आपले श्रोते शोधायचे कुठे?

• आधी खिशात हात घातलेले लोक: तिकीट काढून आलेले, टी-शर्ट किंवा सीडी घेतलेले. फुकट ऐकणाऱ्या हजारांपेक्षा असे शंभर जण मोलाचे.

• थेट संपर्क: पोस्ट कुणाला दिसणार हे अल्गोरिदम ठरवतो. ई-मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपची यादी बँडच्या हातात असते. कार्यक्रमाच्या ठिकाणी दाराशी एक वही ठेवली, तरी सुरुवात होते. संपर्क मात्र परवानगीनेच घ्यावा.

• उलटं गणित: समजा ३ लाख हवेत आणि माणशी ५०० रुपये मिळतील, तर ६०० देणारे लागतील. यादीत २०० च नावं असतील, तर आधी यादी वाढवावी किंवा लक्ष्य कमी करावं. किकस्टार्टरवर लक्ष्य पूर्ण झालं नाही, तर एक पैसाही हाती येत नाही!

• आधी विचारणा: मॅरिलियनप्रमाणे मोहिमेपूर्वीच यादीला विचारावं, अल्बम निघाला तर घ्याल का? उत्तरं आलीच नाहीत, तर तेही एक उत्तरच आहे.

पैसे कुणाच्या हातात?

माणसं योग्य असली, तरी मधला दुवा तुटू शकतो. प्लेजम्युझिक ही खास संगीतासाठीची क्राउडफंडिंग वेबसाइट २०१९ मध्ये बंद पडली. चाहत्यांनी पैसे भरले होते, पण ते अनेक कलाकारांपर्यंत पोहोचलेच नाहीत. अल्बम रखडला की चाहता जाब वेबसाइटला नाही, बँडला विचारतो. म्हणून पैसे कोणाकडे जमा होतात, कधी मिळतात आणि कमिशन किती, हे मोहिमेआधीच तपासायला हवं. एकदा विश्वास गमावला, तर वर्षानुवर्षं जमवलेली ती यादी पुढच्या अल्बमला उपयोगी पडणार नाही.