बुद्धिमापन : समज आणि गैरसमज

‘आमचा मुलगा अभ्यासात अगदी ढ आहे, त्याच्या डोक्यातच शिरत नाही,’ असे पालक पुष्कळदा मुलाच्या देखतच बोलून जातात. त्यातच शाळेतून ‘याची बुद्धिमत्ता चाचणी करून घ्या’ असा निरोप आला, की घरात चिंतेचे वातावरण पसरते. चाचणीतून येणारा आकडा म्हणजे मुलाच्या कपाळावर बसणारा कायमचा शिक्का, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी ही चाचणी मुळात कशासाठी निघाली, ते जाणून घेणे आवश्यक आहे.

१९०४ साली फ्रान्स सरकारने एक समिती नेमली. नेहमीच्या वर्गात मागे पडणाऱ्या मुलांपैकी खास शिक्षणाची गरज कोणाला आहे, हे ठरवण्याचा प्रश्न तिच्यापुढे होता. समितीचे एक सदस्य, मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी डॉ. सिमाँ यांच्या मदतीने १९०५ मध्ये ३० प्रश्नांची चाचणी तयार केली. चित्रातील वस्तू ओळखणे, ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणे, दोन वस्तूंतील फरक सांगणे असे सोप्याकडून अवघडाकडे जाणारे ते प्रश्न होते. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे मत बिने यांना मान्य नव्हते. लक्ष देणे, आठवणे, विचार करणे या गोष्टी सरावाने सुधारतात, असे ते मानत. म्हणजेच चाचणीचा मूळ हेतू मदत कोणाला हवी ते शोधण्याचा होता.

पुढे १९१२ साली जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचवली. या भागाकाराला १०० ने गुणले, की बुद्ध्यांक मिळतो. आठ वर्षांच्या मुलाने सहा वर्षांच्या मुलाइतकीच उत्तरे दिली, तर त्याचा बुद्ध्यांक ७५ येईल. ही रीत मुलांना ठीक, पण प्रौढांना गैरलागू. चाळीस वर्षांच्या माणसाचे मानसिक वय विसाच्या दुप्पट कसे होणार? म्हणून डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९ साली प्रौढांसाठी काढलेल्या चाचणीत व्यक्तीची तुलना तिच्याच वयोगटाशी केली. आज मुलांसाठीही हीच पद्धत आहे. सरासरी १०० धरतात. सुमारे दोनतृतीयांश लोक ८५ ते ११५ च्या दरम्यान असतात, आणि ७० च्या खाली शंभरात साधारण दोघेच.

या आकड्याचा दुरुपयोगही झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सुमारे १७ लाख सैनिकांची चाचणी घेण्यात आली. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ साली काही वंशांचे लोक जन्मतःच कमी बुद्धीचे असतात, असा निष्कर्ष काढला. परक्या भाषेत आणि परक्या रीतीभातींत वाढलेल्या माणसाला त्या चाचण्या अवघड जाणारच, ही गोष्ट दुर्लक्षिली गेली. १९३० साली ब्रिगहॅम यांनी स्वतःच तो निष्कर्ष मागे घेतला. विसाव्या शतकात अनेक देशांत पिढीगणिक चाचणीचे गुण वाढत गेले. वंश इतक्या लवकर बदलत नाही. बदलले ते शिक्षण, आहार आणि राहणीमान. ज्यांच्या कित्येक पिढ्यांना अक्षरओळखच नाकारली गेली, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आपल्या देशात परकी चाचणी जशीच्या तशी चालणार नाही, हे येथील अभ्यासकांनी ओळखले. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी बिने चाचणीचे रूपांतर केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. सी. एम. भाटिया यांच्या १९५५ च्या कृतिचाचण्यांत ठोकळे जुळवणे, आकृती काढणे अशी कामे आहेत. साक्षर आणि निरक्षर मुलांचे मोजमाप त्यांनी वेगवेगळे धरले. नागपूर येथे ए. जे. मालिन यांनी वेक्स्लर यांची मुलांची चाचणी भारतीय परिस्थितीला जुळवून घेतली.

तेव्हा चाचणीस मुलाला नेताना पालकांनी काही गोष्टी पाहाव्यात. प्रथम मुलाचे डोळे व कान तपासून घ्यावेत. फळ्यावरचे न दिसणारे मूलही वर्गात ‘ढ’ ठरते. थायरॉइडचा दोष किंवा रक्तातील लोहाची कमतरता असल्यास तिच्यावर उपचार करता येतात. चाचणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञानेच, मुलाला समजणाऱ्या भाषेत, एकट्याला शांतपणे बसवून घ्यावी. मूल आजारी, उपाशी किंवा घाबरलेले असेल तर दुसरा दिवस मागावा. केवळ एकूण आकडा न विचारता मूल कशात पुढे व कशात मागे आहे, ते समजून घ्यावे. बुद्ध्यांक चांगला असूनही वाचन-लेखन जमत नसेल, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचाही समावेश आहे.

केवळ आकडा ७० च्या खाली आला म्हणून कोणालाही बौद्धिक अक्षम ठरवता येत नाही. स्वतःचे जेवण, कपडे, पैशांचा व्यवहार, लोकांशी वागणे हेही पाहावे लागते, आणि अडचण लहानपणापासून असावी लागते. प्रौढ माणसाचे गुण एकाएकी घटले, तर डोक्याला मार, पक्षाघात, नैराश्य किंवा स्मृतिभ्रंश अशी कारणे शोधावी लागतात.

तापमापक ताप दाखवतो, पण ताप का आला ते सांगत नाही. बुद्ध्यांकाचेही तसेच आहे. आकडा कमी आला तर मुलाला शाळेतून काढू नये, भावंडांशी त्याची तुलना करू नये. आता याला कशी मदत करायची, हा प्रश्न शिक्षकांना आणि मानसशास्त्रज्ञांना विचारावा. आणि ‘ढ’ हा शब्द मुळाक्षरांपुरताच राहू द्यावा.