रक्त पातळ करणारी गोळी, गौरीची पालेभाजी आणि पुरणपोळी: काय आणि किती खावे?

गौरी आल्या की अनेक घरांत पहिल्या दिवशी पालेभाजी-भाकरीचा आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य असतो. घरात हृदयाची झडप बदललेले कुणी असेल, तर हमखास प्रश्न येतो: ‘गोळी चालू आहे, मग पालेभाजी बंद करायची का?’ उत्तर आहे, नाही. भाजी बंद करू नका, तिचे प्रमाण सारखे ठेवा.

भाजीचा गोळीशी संबंध काय?

वॉरफरिन आणि अ‍ॅसेनोकुमारॉल (अ‍ॅसिट्रोम) ही औषधे ‘के’ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणून रक्ताची गुठळी होऊ देत नाहीत. पालक, माठ, कोथिंबीर अशा हिरव्या पाल्यात हेच जीवनसत्त्व भरपूर असते. एरवी भाजी न खाणाऱ्याने दोन-तीन दिवस वाट्या भरभरून खाल्ली, तर आयएनआर खाली येऊन गुठळीचा धोका वाढतो. उलट, रोज खाणाऱ्याने ती अचानक सोडली, तर आयएनआर वर जाऊन रक्तस्राव होऊ शकतो.

बहुतेक रुग्णांचा आयएनआर 2 ते 3 मध्ये ठेवतात. काही कृत्रिम झडपांसाठी तो 2.5 ते 3.5 असतो. तुमचा आकडा डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या.

अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन किंवा नुसती अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांना पालेभाजीचे हे बंधन नाही. त्यामुळे आधी गोळीचे नाव वाचा.

सणात काय कराल?

- नेहमी जेवढी भाजी खाता तेवढीच खा. रोज अर्धी वाटी असेल, तर गौरीच्या दिवशीही अर्धी वाटी.
- आग्रह झाला तर दुधी, लाल भोपळा अशा फळभाज्या घ्या. त्यांत ‘के’ कमी असते.
- खाणे बदलले म्हणून गोळी स्वतःहून कमी-जास्त करू नका. चार-पाच दिवस खाण्यात मोठा फरक पडला असेल, तर डॉक्टरांना कळवा आणि आयएनआर कधी तपासायचा ते विचारा.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांनी आणखी एक लक्षात ठेवावे. तिथे अळू मिळाले नाही की बरेच जण कोलार्ड नावाच्या रुंद पानांच्या वड्या करतात. कोलार्डमध्ये ‘के’चे प्रमाण अळूपेक्षा बरेच जास्त असते. वडी तीच दिसली, तरी गोळीच्या दृष्टीने ती वेगळी भाजी आहे.

पुरणपोळीचे काय?

पुरणपोळीने आयएनआर फारसा बदलत नाही. पण सोबत मधुमेह असेल, तर वेगळा विचार हवा. गुळाने साखर वाढत नाही, हा गैरसमज आहे. अर्धी पोळी घ्या, उरलेली अर्धी शेजारच्या ताटात द्या. तेवढाच भात किंवा पोळी कमी करा आणि गोड जेवणासोबतच खा, दुपारी पुन्हा वेगळे नको.

खरा धोका अनेकदा उशिरा होणाऱ्या जेवणाचा असतो. सकाळी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि नैवेद्य होईस्तोवर तीन वाजले, तर साखर खूप उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसली किंवा साखर 70 च्या खाली गेली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. हे टाळायचे असेल, तर सणाच्या दिवशी औषध कधी घ्यायचे ते डॉक्टरांना आधीच विचारा आणि आजी-आजोबांचे ताट वेळेवर वाढा. नैवेद्याचे पान आधी बाजूला काढून ठेवता येते.

लगेच रुग्णालयात कधी जावे?

- काळी शौचास होणे, लघवीत रक्त, नाकातून किंवा हिरड्यांतून न थांबणारे रक्त
- डोक्याला मार लागणे, वरून जखम दिसत नसली तरी
- तोंड वाकडे होणे, बोबडे बोलणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे
- अचानक धाप लागणे, किंवा कृत्रिम झडपेचा नेहमीचा ‘टिकटिक’ आवाज मंद होणे

अशा वेळी गोळ्यांची पाकिटे आणि आयएनआरची वही सोबत न्या. उपचार लवकर सुरू व्हायला त्याची मदत होते.